कृष्णेच्या पाण्यातून नागार्जुनकोंड्याला

कृष्णा नदी आपल्या ओळखीची. महाबळेश्वरला उगम पावून वाई, सांगलीवरून ती कर्नाटकात व पुढे आंध्रात जाते. याच कृष्णेच्या काठी तिसऱ्या-चौथ्या शतकात इक्ष्वाकू राजांची राजधानी विजयपुरी होती. तिच्या आसपास तीसच्या वर बौद्ध विहार व स्तूप होते. आज ते सारे खोरे नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली आहे.

आम्ही मंडळाचे बाराजण, बायकामुलांसह, हे स्थळ पाहून आलो. हैदराबादहून बसने सुमारे दीडशे कि.मी. आणि पुढे धरणाजवळच्या धक्क्यावरून लाँच. तासाभराचा पाण्यावरचा प्रवास. मुलांना मौज वाटत होती. मोठी माणसे मात्र गप्प झाली, कारण जिथून लाँच चालली होती, तिथेच खाली भिक्खूंची वसतिस्थाने होती.

हे अवशेष १९२६ साली उजेडात आले. धरणाची पायाभरणी १० डिसेंबर १९५५ रोजी झाली. पाणी येण्यापूर्वी, १९५४ ते १९६० या काळात पुरातत्त्व खात्याने मोठे उत्खनन केले. निवडक वास्तूंचे दगड-विटा हलवून त्या डोंगरमाथ्यावर पुन्हा उभारल्या. तो माथा म्हणजेच आजचे बेट. परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्याच सुमारास इकडे जमिनीतून धम्म वर येत होता!

बेटावर महाचैत्य आहे. त्याचा पाया चाकासारखा, आऱ्यांचा. वस्तुसंग्रहालयात उभ्या बुद्धमूर्तीसमोर आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे येथील प्राकृत शिलालेख. राजा चांतमूल अश्वमेध करणारा, वैदिक यज्ञांचा अभिमानी. पण त्याची बहीण चांतिसिरी हिने महाचैत्याला स्तंभ दिले. आणि बोधिसिरी तर राणीही नव्हे, गोवगामची एक उपासिका! तिने सिंहली थेरांसाठी चैत्यगृह बांधले. शिवाय ठिकठिकाणी तळे, मंडप दिले. त्या पुण्यात तिने आपल्या घरच्यांना सहभागी केले आणि हे सारे दगडावर कोरून ठेवले. म्हणूनच सतराशे वर्षांनी आपण तिचे नाव घेतो.

आपल्या वस्त्यांतील विहार कोणी उभे केले? धुणीभांडी करून, पदराच्या गाठीतले पैसे सोडून वर्गणी देणाऱ्या आयाबहिणींनी. कोनशिलेवर मात्र उद्घाटकाचे नाव! आमच्या भगिनी परतीच्या लाँचमध्ये हेच बोलत होत्या. प्रत्येक विहार समितीने देणगीदार उपासिकांची नावे वहीत नव्हे, भिंतीवर लिहावीत, अशी आमची विनंती आहे.

जाणाऱ्यांसाठी सूचना : शुक्रवारी वस्तुसंग्रहालय बंद असते. पाण्याच्या पातळीनुसार लाँच सुटते की नाही, याची आधी चौकशी करावी. घरच्या स्त्रियांना अवश्य सोबत न्यावे.

नमो बुद्धाय! जयभीम!