भिंतीमागची काळी

आमच्या मराठवाड्यात गाव म्हणजे पांढरी आणि शिवार म्हणजे काळी. जुन्या लोकांनी घरं पांढरीवर बांधली, काळीत पेरलं. आता गावठाण पुरत नाही. शाळा, दवाखाने, गोदामं सगळं काळीवर उभं राहतंय. म्हणून काळीचा स्वभाव शेतकऱ्याइतकाच बांधकाम करणाऱ्यानेही ओळखायला हवा. मृदा-अभियंता म्हणून माझं बरंचसं आयुष्य हेच सांगण्यात गेलं.

परभणीकडच्या एका शाळेची भिंत मी विसरू शकत नाही. मैदान सपाट करायला उताराच्या अंगाला तीन मीटर उंचीची काँक्रीटची रिटेनिंग वॉल बांधली होती. तिसऱ्या पावसाळ्यात ती कलली. ओळंबा सोडून पाहिला, माथा 9 सेंटिमीटर पुढे आलेला. नकाशा तपासला, लोखंड तपासलं, दोन्ही बरोबर. मग मागच्या बाजूला गेले. भिंतीला समांतर लांबलचक भेग पडली होती. तिच्यात टेप सोडला, तो दीड मीटर आत गेला.

पायातून निघालेली काळी मातीच ठेकेदाराने मागे भरली होती. तीही भर उन्हाळ्यात, कोरडीठाक असताना, वर रोलर फिरवून. त्याच्या मते हे चोख काम होतं. पण काळी जितकी कोरडी आणि जितकी घट्ट, तितकी ती पाणी मिळाल्यावर जास्त जोर करते. त्यात पाणी निघायला ठेवलेल्या निम्म्या नळ्या गवंड्याने सिमेंटने लिंपून टाकल्या होत्या, का तर भिंतीवर गढूळ ओघळ येतात!

या मातीत बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे इतके पातळ, की एका ग्रॅमचं पृष्ठफळ 700-800 चौरस मीटर भरतं. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ते एकमेकांपासून दूर सरतात. भिंतीवरच्या दाबाचं गणित कुलाँने 1776 मध्ये मांडलं, रँकिनने 1857 मध्ये. ते मातीच्या वजनाचं आणि घर्षणाचं गणित आहे, फुगण्याचं नाही. मागे मुरूम असेल तर तीन मीटर खोलीवर चौरस मीटरला साधारण दोन टनांच्या आत दाब येतो. पाणी तुंबलं तर तो दुपटीच्या वर जातो. घट्ट दाबलेली कोरडी काळी, फुगायला जागाच मिळाली नाही तर, 10 टनांच्याही पुढे जाऊ शकते.

आणि हे एका पावसाळ्यात संपत नाही. उन्हाळ्यात माती आकसते, भिंतीपासून सुटते. त्या फटीत ढेकळं, पालापाचोळा, बारीक माती पडते. काळी स्वतःच स्वतःची नांगरट करते असं म्हणतात, ते याचमुळे. मृगाचं पाणी भेगांतून थेट खाली उतरतं, माती फुगते, पण फट आता भरलेली असते. मग ती भिंतीला ढकलते. पुढच्या उन्हाळ्यात माती मागे सरते; भिंत मात्र सरत नाही. दरवर्षी थोडी थोडी पुढेच जाते.

मी तिथली माती आणली. दहा-दहा ग्रॅम कोरडी, चाळलेली माती दोन मोजपात्रांत. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती 12 मिलिलिटरवर होती, पाण्यातली 22 वर. म्हणजे 83 टक्के फुगारा. रस्त्याच्या भरावालासुद्धा 50 टक्क्यांवरची माती चालत नाही.

कललेला भाग पाडून पुन्हा बांधला. मागची काळी पाचरीच्या आकारात काढली, भिंतीलगत खडीचा थर दिला, मग थराथराने मुरूम दाबला. वर फरशी घालून पाण्याला उलट्या बाजूने उतार दिला. मुरमाचं महत्त्व आम्हाला पवईच्या आयआयटीतल्या प्रा. आर. के. कट्टी यांनी शिकवलं. न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा मीटरभर थर काळीचा फुगारा रोखतो, हे त्यांच्या संशोधनातून दिसलं आणि काळ्या मातीतल्या कालव्यांना त्याचा मोठा आधार झाला.

तुमच्या गावात अशी भिंत होणार असेल, तर लोखंड किती घालणार हे विचारण्याआधी मागे काय भरणार ते विचारा. नळ्या लिंपू देऊ नका. आणि मातीची ती चाचणी करून घ्या. तिला दोन मोजपात्रं, थोडं रॉकेल आणि एक दिवस लागतो.