फिरणं वेगळं, काम वेगळं

माइनस्वीपर लिहायला घेतला की एकात एक असे दोन लूप लगेच येतात: एक ओळींसाठी, एक स्तंभांसाठी, दोन्ही उणे एकपासून अधिक एकपर्यंत. मधलं घर वगळायचं, पटाबाहेर जात नाही ना ते बघायचं आणि शेजारचे सुरुंग मोजायचे. रिकाम्या घराभोवतीची घरं उघडताना तेच लूप पुन्हा, झेंडे मोजताना तिसऱ्यांदा. बदलते ती फक्त आतली ओळ. तरी साफसफाईत अनेकजण एकच मोठं फंक्शन करतात आणि ‘मोजायचं की उघडायचं’ ते पॅरामीटरने सांगतात. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. इथे पुनरावृत्ती कामाची नाही, फिरण्याची आहे. म्हणून बाहेर काढायचं ते फिरणं. ‘शेजारी’ नावाच्या जनरेटरने पटावरचे खरे शेजारी एकेक करून द्यावेत, आतल्या घराला आठ, कडेला पाच, कोपऱ्यात तीन. त्यांचं काय करायचं ते त्याला बोलावणाऱ्या कोडने ठरवावं.

हा आग्रह केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. पायथनमध्ये वरच्या कडेची तपासणी एखाद्या प्रतीत राहून गेली तरी प्रोग्रॅम थांबत नाही. उणे एक या क्रमांकाचा अर्थ तिथे शेवटची ओळ असा होतो. पहिल्या ओळीतलं घर तळातले सुरुंग मोजतं आणि पटण्याजोगा पण खोटा आकडा दाखवतं. खालच्या कडेची चूक निदान एरर तरी देते. तीन प्रतींपैकी एकीतच राहिलेला असा बग शोधणं फार जिकिरीचं. उलट, कॉनवेच्या १९७० सालच्या ‘गेम ऑफ लाइफ’मध्ये कडा एकमेकींना मुद्दाम जोडायच्या असतील, तर ‘शेजारी’ तेवढं बदललं की झालं.

जनरेटरमुळे वेग कमी होतो, हा आक्षेप खरा आहे. पण लाखो पिक्सेलांच्या चित्रावर पायथनचे हाताने लिहिलेले लूपही संथच चालतात. तिथे नमपायकडे वळावं. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: सारखं दिसतं ते सारखंच असतं असं नाही. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ सालच्या ‘रिफॅक्टरिंग’मध्ये डॉन रॉबर्ट्स यांच्या नावाने दिलेला नियम तिसऱ्या पुनरावृत्तीपर्यंत थांबायला सांगतो. मी मात्र नुसती संख्या मोजत नाही. शेजाराची व्याख्या बदलली तर हे सगळे लूप एकदम बदलावे लागतील का, एवढं विचारते. सुडोकूच्या तीन बाय तीन चौकटीवरचे लूप दिसायला हुबेहूब असतात, पण ती चौकट जागेवर पक्की असते, घराबरोबर सरकत नाही. ते लूप मी वेगळेच ठेवते.