गुगेनहाइममधले गायतोंडे

एकटीने परदेशी फिरण्याचे तोटे पुष्कळ आहेत. स्टेशनवर बॅगेवर नजर ठेवायला कोणी नसतं, हॉटेलात दोन पदार्थ मागवून वाटून खाता येत नाहीत, रस्ता चुकला तर भांडायलाही माणूस नसतो! पण चित्रं बघायची असतील तर एकटंच जावं. 'चल, उशीर होतोय' म्हणणारं कोणी नसतं आणि 'यात आहे काय?' असं विचारणारंही.

२०१४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला होते तेव्हा गुगेनहाइम म्युझियममध्ये वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन चालू होतं. त्या वेळी शनिवारी संध्याकाळी पावणेसहानंतर आपल्या इच्छेनुसार पैसे देऊन आत जाता येई. परक्या देशात डॉलरचे रुपये करत फिरणाऱ्या माझ्यासारखीला ही मोठीच सवलत. बाहेर काळोख, बोचरी थंडी आणि फिफ्थ अव्हेन्यूवर लांबलचक रांग.

फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने बांधलेली ही इमारत १९५९ च्या ऑक्टोबरात खुली झाली. तो स्वतः ती बघायला नव्हता, त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेला. आत जिने चढत दालनामागून दालन ओलांडायचं, असला प्रकार नाही. एकच उतरता, गोल गोल फिरणारा रस्ता. शंखाच्या पोटातून चालल्यासारखं वाटतं. त्या दिवसांत या गोल रस्त्यावर दुसरंच प्रदर्शन होतं आणि गर्दी सगळी तिथे. गायतोंडे बाजूच्या दालनांत. तिथे शिरलं आणि आवाज कमी झाला.

आपल्याकडे गायतोंडे हे नाव घराघरांत पोचलं ते पैशांमुळे. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं आणि वर्तमानपत्रांत मथळे झळकले. सतीश नाईकांच्या 'चिन्ह'ने त्याआधीच त्यांच्यावर कितीतरी लिहून ठेवलं होतं, पण कोटींचा आकडा जास्त लांब ऐकू जातो. समोर चित्र आलं की तो आकडा कुठल्या कुठे जातो. एक मोठा उभा कॅनव्हास. सोनेरी, शेवाळी, कुठे गंजासारखा रंग. रोलरने आणि सुरीने रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा, फाडलेल्या कागदांचे तुकडे वापरून आकार उमटवायचे, अशी त्यांची रीत. वर्षाकाठी पाच-सहाच चित्रं होत. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना रुचत नसे. कशाचं तरी रूप काढून टाकलंय असं ते नव्हतंच, मुळात तिथे वस्तूच नव्हती. बहुतेक चित्रांना नावही नाही.

मी बराच वेळ एकाच चित्रासमोर उभी होते. शेवटी तिथला पहारेकरी जवळ आला आणि हसून विचारता झाला, "तुमच्या देशातले ना हे?"

"माझ्या गोव्याचे," मी पटकन म्हटलं.

म्हटलं खरं, पण मग मनात हिशेब सुरू झाला. आईवडील गोव्याचे. जन्म १९२४ चा, नागपूरचा. वाढले मुंबईत, शिकले जे. जे. मध्ये, १९६४ साली शिष्यवृत्तीवर याच न्यूयॉर्कमध्ये येऊन राहिले, १९७२ पासून दिल्लीत, २००१ मध्ये तिथेच गेले. यातला गोव्याचा वाटा किती? त्याच १९२४ मध्ये साळगावला जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझांच्या चित्रांत चर्च आणि ख्रिस्त तरी सापडतो. गायतोंड्यांच्या चित्रांत मांडवी शोधू गेलं तर आपणच आपली घालावी लागते.

आमची पिढी भाषावादात वाढली. माणूस भेटला की तो मराठीवाला की कोकणीवाला हे आधी ठरवायचं, मग बोलायचं. घरी आईशी कोकणी, वाचन मराठीत, नोकरी इंग्रजीत आणि प्रत्येक ठिकाणी 'तुझी खरी कुठली?' हा प्रश्न उभाच. त्या दालनात चार दिवसांनी पहिल्यांदा मला हा प्रश्न पडला नाही. चित्राला मराठी येत नव्हती, कोकणी येत नव्हती, इंग्रजीही नाही. त्याने मला काही विचारलंही नाही.

रात्री आईला फोन केला.

"कितें पळयलें गो?"

"रंग," मी म्हटलं.

"आनी?"

'आनी' काही सांगता येईना. तीही थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "जेवलें मगो तूं?"

'आमचे गायतोंडे' म्हणायला माझी हरकत नाही, मीही म्हटलंच. पण ज्या माणसाने आयुष्यभर चित्रातून वस्तू, गोष्ट, नाव एकेक करून बाजूला ठेवलं, त्याच्यावर आपण पहिल्यांदा नावाचीच पाटी लावतो. आमचा म्हणायचा असेल तर त्याच्यासमोर उभं राहण्याइतका वेळ तरी द्यायला हवा. त्यासाठी न्यूयॉर्क गाठायची गरज नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे त्यांची चित्रं आहेत, मुंबईतही काही संग्रहांत आहेत. मांडलेली आहेत का हे आधी विचारून घ्या, आणि जमलं तर सोबत कोणाला नेऊ नका.