उंदरांची साक्ष

नेमावर हे नर्मदेचे नाभिस्थान. सिद्धनाथाचे दर्शन घेऊन सायंकाळी घाटावर बसावे, पैलतीरी हंडियाचे दिवे लागताना पाहावेत, हा आमचा निवृत्तीनंतरचा परिपाठ. गेल्या पावसाळ्यात तेथेच एक जुने स्नेही भेटले. पत्नी कर्करोगाने गेल्यापासून ते खचले होते. म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही सरकारात होता. टॉवरच्या लहरींनीच हिचा घात केला, असा अर्ज लिहून द्या. उंदरांवर सिद्ध झालेच आहे ना!"

आम्ही चार दिवसांची मुदत मागितली व वाचन केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचे अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाले. उंदरांच्या सर्वांगावर दोन वर्षे, रोज सुमारे नऊ तास मोबाइलच्या लहरी सोडल्या होत्या. नरांच्या हृदयात मज्जातंतूंच्या आवरणाचे अर्बुद होते, याचा स्पष्ट पुरावा मिळाला. मेंदूतील अर्बुदाचा काहीसा. माद्यांबाबत मात्र चित्र संदिग्ध राहिले. नवल असे, की लहरी झेललेले नर न झेललेल्यांहून अधिक जगले! त्याच वर्षी बोलोन्याच्या रामाझिनी संस्थेने टॉवरसारख्या लहरींचा प्रयोग प्रसिद्ध केला. तीव्रतम मात्रेत नरांच्या हृदयात तेच अर्बुद आढळले. उलट, माणसांच्या पाहण्यांचा जागतिक आरोग्य संघटनेने करविलेला आढावा २०२४ साली आला. त्यात मोबाइल व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही.

आपल्या ग्वाल्हेरात २०१७ साली एका कर्करोगग्रस्ताच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने टॉवर बंद करविला, हे खरे. परंतु तो आदेश त्या एका टॉवरपुरता होता.

शिवाय लहरींचा जोर अंतरासरशी झपाट्याने घटतो. टॉवर दूर, मोबाइल मात्र कानाशी. आणि टॉवरचा संकेत क्षीण असला, की हातातला मोबाइलच अधिक जोर लावतो. टॉवर हटवून कानाशी येणाऱ्या लहरी वाढण्याचाच संभव!

पाचव्या दिवशी आम्ही अर्ज लिहून नेला. दूरसंचार विभागाने या टॉवरच्या लहरींची मोजणी करून आकडे कळवावेत, एवढीच त्यात मागणी होती. वहिनींच्या मृत्यूचे कारण आम्ही लिहिले नव्हते. स्नेही कागद न घेताच उठून गेले.

आयुष्यभर फायलींवर शेरे मारताना पुराव्यापलीकडे एक शब्द लिहिला नाही, याचा आम्हांस अभिमान होता. त्या संध्याकाळी तो जड वाटला.

पंधरा दिवसांनी ते घाटावर आले. अर्जावर सही केली. मग सदऱ्याच्या डाव्या खिशातला मोबाइल काढून पायरीवर ठेवत म्हणाले, "हा तरी जरा दूर असू द्यावा." आम्हीही आमचा त्याशेजारी ठेवला.