गाऊनवर ओढणी

सकाळी भाजीच्या गाडीभोवती नुसते गाऊनच उभे होते. प्रत्येकीच्या खांद्यावर ओढणी. एकीला घाईत ओढणी सापडली नसावी, तिने पंचा घेतला होता. गाऊन जांभळ्या फुलांचा, ओढणी पोपटी. पण ती खांद्यावर पडली की बाई ‘नीट’ बाहेर आली, असा आपल्याकडचा अलिखित करार आहे. कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत तो चालतो, रिक्षात बसायचं म्हटलं की संपतो.

२०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात दिवसा गाऊन घालून फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड ठरला होता. ठरवला कुणी? महिला मंडळानेच! बर्म्युडा घालून दूध आणणाऱ्या नवऱ्यांच्या नावाने मात्र कुणी पावती फाडली नाही.

तिकडे ब्रिटनमध्ये २०१० साली कार्डिफ शहरातल्या टेस्को या सुपरमार्केट साखळीच्या एका दुकानाने पायजम्यातल्या गिऱ्हाइकांना मज्जाव केला. त्याच वर्षी शांघायने जागतिक प्रदर्शनासाठी पाहुणे येणार म्हणून नागरिकांना नाइट ड्रेसवर रस्त्यावर येऊ नका, असं बजावलं. म्हणजे लाज पाहुण्यांची, घरच्यांची नव्हे. आणि आमच्याकडे लेंगा, सदरा, टोपी एवढ्यावर माणसं लग्नाच्या पंगतीत मानाने बसत आली.

खरं सांगायचं तर गाऊन अंगभर असतो, सुती असतो, आणि खिसा असला तर त्यात मोबाइल, सुटे पैसे, किल्ली सगळं मावतं. साडीला ते जमलेलं नाही. माझ्यापुरता निकाल असा: धुतलेला असेल तर गाऊन बाजारात खुशाल चालावा. ओढणीची सक्ती तेवढी काढून टाका, उन्हाळ्यात फार उकडतं.