काळी पाचवी

पणजोबांच्या फौजेतल्या नोकरीबद्दल घरात टिकून राहिले ते दोनच शब्द. आजी म्हणायची, "मामंजी काळी पाचवीत होते. लढाई संपली नि पेन्शनीवर आले." आत्याला लहानपणी ही बाळंतिणीची पाचवी वाटायची. चांदीचं पदक मोडून तिच्याच पैंजणांत गेलं. उरलं ते पंखवाल्या देवीचं विजयपदक. दर दसऱ्याला चिंचेनं घासून घासून त्याच्या कडेवरचं नाव, नंबर सगळं गेलं. भिंगाखाली दिसतात ती 'एल' आणि 'आय' ही दोन इंग्रजी अक्षरं.

नानाकाकांचं मात्र ठाम मत होतं. पाचवी म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन. तिचा जुना नंबर 117. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात होती, म्हणजे पणजोबाही वेढ्यात. दर गणपतीला घोड्याच्या मांसाची गोष्ट व्हायची, आणि पणजोबांनी ते कसं नाकारलं हेही.

हिशेब चुकतो तो सालांत. बटालियनना हे नवे क्रमांक मिळाले 1922 साली, आणि पणजोबा तर त्याआधीच घरी आले होते. त्यांच्या तोंडी 'पाचवी' असणार ती मुंबई फौजेतली जुनी पाचवी पलटण. 1903 साली सरसेनापती किचनरनं नंबर बदलले तेव्हा मुंबईच्या पलटणींत शंभर मिळवले गेले. तिसरीची 103 झाली, पाचवीची 105. कागदावर 105 झाली तरी शिपायांच्या तोंडी ती पाचवीच राहिली. आणि 'काळी' का? तर तिच्या गणवेशाच्या गळपट्टीचा नि बाह्यांच्या टोकांचा रंग काळा. तिसरीला 'जंगी पलटण' म्हणत. अशी नावं हिंदुस्थानीत पडली; आजीनं आपल्या बोलीत वळवून घेतली, एवढंच. आजची दुसरी मराठा बटालियन अजूनही 'काली पाँचवी' म्हणूनच ओळखली जाते.

पदकाच्या कडेवरची अक्षरंही इथे जुळतात. त्या काळी मराठ्यांच्या पलटणींत 103, 105 आणि 110 याच 'लाइट इन्फन्ट्री' होत्या. 114, 116, 117 नुसत्या 'मराठा'. म्हणजे काकांची 117 तिथेच बाद.

खरी पंचाईत पुढे होती. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 कूटमध्ये अडकलेल्या फौजेत 103, 110 आणि 117 सापडतात, 105 नाही. ती लाहोर डिव्हिजनच्या नवव्या ब्रिगेडमध्ये होती. तैग्रिसच्या काठाकाठानं चिखल तुडवत वर सरकणारी फौज ती हीच. म्हणजे मामंजी वेढ्याच्या आत नव्हते, बाहेर होते. 1917 च्या जानेवारीत कूटजवळच्या नदीच्या वळणावर या ब्रिगेडनं जी खंदकांची झुंज दिली, तिच्याबद्दल आमच्या घरात एक अक्षर नव्हतं. मला ती वेढ्यापेक्षा मोठी वाटते. पण वेढ्याची गोष्ट सांगायला बरी पडते, त्याला काय करणार.

हे सगळं काकांपुढे मांडलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे घोड्याचं मांस..."

"नाही, काका."

"मग खाल्लं काय त्यांनी?"

पुढच्या गणपतीत त्यांनी गोष्ट नव्यानं सांगितली. आता पणजोबा वेढा फोडायला निघाले होते, कूट दोन कोसांवर आलं होतं, आणि साहेबानं ऐन वेळी माघारीचा हुकूम दिला. दोन कोस कुठून काढले, मी विचारलं नाही.