गोधड्यांचें गांव : पडूका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं केंटकी या संस्थानाच्या पश्चिम टोंकास, जेथें टेनेसी नदी ओहायो नदीस मिळते, तेथें पडूका नांवाचें एक गांव वसलें आहे. 1827 सालीं विल्यम क्लार्क या प्रसिद्ध प्रवाशानें त्याची आंखणी केली. वस्ती अवघी सत्तावीस हजारांच्या आसपास. 1937 च्या आरंभीं ओहायोला महापूर आला, पाण्यानें साठ फुटांची खूण ओलांडली आणि बहुतेक सारें गांव रिकामें करावें लागलें. पुढें नदीकांठीं उंच तट बांधण्यांत आला. आज त्या तटावर गांवाचा इतिहास मोठमोठ्या चित्रांनीं रंगविलेला आहे. संगम म्हटला कीं आपणांस घाट, देऊळ आणि पर्वणी आठवते. पडूकाचीही एक पर्वणी आहे. मात्र ती गोधड्यांची!

1984 सालीं येथील बिल व मेरेडिथ श्रोडर या दांपत्यानें गोधड्या शिवणाऱ्यांची एक राष्ट्रीय संस्था काढली आणि पुढच्याच वर्षीं तिचें प्रदर्शन भरविलें. वसंतांत भरणाऱ्या या प्रदर्शनास गांवच्या वस्तीइतके पाहुणे लोटूं लागले. 1991 मध्यें केवळ गोधड्यांसाठीं एक संग्रहालय उघडण्यांत आलें. 2008 सालीं अमेरिकन काँग्रेसनें त्यास राष्ट्रीय संग्रहालय म्हणून मान दिला, आणि 2013 सालीं युनेस्कोनें या गांवाची हस्तकला व लोककला यांचें नगर म्हणून निवड केली. जी वस्तु आपण पाहुणे येतांच माळ्यावर टाकतों, तिच्या बळावर एक गांव जगाच्या नकाशावर आलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या संग्रहालयांतील एका गोधडीची हकीकत वाचकभगिनींनीं अवश्य ऐकावी. तिचें नांव ‘कोरोना दुसरी : सूर्यग्रहण’. कॅरिल ब्रायर फॅलर्ट या बाईंनीं ती केली. 1989 च्या प्रदर्शनांत तिला सर्वोत्कृष्ट कृतीचें पारितोषिक मिळालें, आणि तिच्यावरील टीप होती यंत्राची! तोंवर हा मान यंत्रावर टीप घातलेल्या गोधडीस कधींच मिळाला नव्हता. वास्तविक हौ यानें 1846 मध्यें व सिंगर यानें 1851 मध्यें शिवणयंत्राचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून कांहीं गृहिणी आपल्या गोधड्यांवर यंत्राची टीप मोठ्या अभिमानानें मिरवीत असत. पुढें मात्र खरी गोधडी हातचीच, असें मत रूढ झालें होतें.

यंत्र म्हटलें म्हणजे गोधडी आपोआप बाहेर पडते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्ष प्रकार अगदीं वेगळा आहे. पलंगभर गोधडी म्हणजे नव्वद ते शंभर इंचांचा पसारा. आणि घरगुती यंत्राच्या सुईपासून उजवीकडील खांबापर्यंतची जागा बहुधा सात ते नऊ इंचांची. एवढ्या खिंडींतून तो डोंगर न्यावयाचा! याकरितां वरचें ठिगळकाम, मधला कापसाचा थर व खालचें अस्तर हीं प्रथम जमिनीवर नीट पसरून अर्ध्या अर्ध्या वितीवर सेफ्टी पिनांनीं टाचतात. मग दोन्ही बाजू वळकटीसारख्या गुंडाळून मधला पट्टा तेवढा उघडा ठेवतात. पहिली टीप मध्यावर, आणि तेथून कडेकडे. म्हणजे सुरकुती असलीच तर ती बाहेर सरत जाते. गोधडीचें ओझें टेबलाखालीं लोंबूं लागलें कीं टीप वांकडी जाते, प्रसंगीं सुईही मोडते. म्हणून यंत्राच्या डावीकडे व मागें आणखी टेबलें लावून भार पेलतात. सरळ टिपेसाठीं वरूनही कापड सरकविणारें एक खास पाऊल यंत्रास बसवितात. त्यामुळें तिन्ही थर एकाच चालीनें पुढें जातात. वेलबुट्टी काढावयाची असेल तर मात्र कापड सरकविणारे खालचे दांते उतरवून ठेवतात. मग सुई नुसती वरखालीं होते, आणि गोधडी फिरवितात ते दोन हात. हात घाईनें फिरले तर टांके लांब पडतात. रेंगाळले तर एकावर एक साचतात. येथें यंत्राचें काम कोणतें आणि हाताचें कोणतें, हें कोणीं सांगावें?

आपल्याकडील रीत निराळी. गोव्याच्या सीमेपलीकडे हल्याळ-यल्लापूरच्या रानांत राहणाऱ्या सिद्दी स्त्रिया आपली ‘कवंदी’ कडेपासून शिवूं लागतात व फेरे घेत घेत मध्याशीं येऊन थांबतात. आपल्या घरच्या गोधडींत कापसाऐवजीं जुन्या लुगड्यांचे थर असतात आणि वर धावदोरा. चार बायका भोंवतीं बसल्या कीं दुपार केव्हां सरली तें कळत नसे.

आज कित्येक मोठ्या घरांत मात्र आजीचीं सुती लुगडीं ट्रंकेंत घडीवरच विरत पडलेलीं असतात. सासूबाई म्हणतात, “यंत्रावरची गोधडी ती काय गोधडी!” सूनबाईंस नोकरी, धावदोऱ्याला दुपार कोठून आणावी? या दोघींच्या वादांत माया कोणाचीच कमी नसते, पण लुगडें मात्र हातचें जातें. पडूकाच्या परीक्षकांनीं 1989 मध्यें दिलेला निकाल अशा घरांनीं विचारांत घ्यावा. यंत्रापुढें एकटीच बसते हें खरें. परंतु थर पसरण्यास, सुरकुत्या काढण्यास व पिना टाचण्यास चार हात लागतातच. तें काम सासूबाईंनीं हातीं घ्यावें. लुगड्याचा कोणता पदर अजून टीप सोसेल आणि कोणता विरला आहे, हें बोटांनीं चांचपून त्यांच्याइतकें दुसरें कोण ओळखणार? टीप मग खुशाल यंत्राची असूं द्यावी. थंडीच्या रात्रीं नातवंडांस ऊब मिळेल ती आजीच्या लुगड्याचीच.